रात्र मोजणारे व्याही

सन दोन हजार बावीस. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो, आणि कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांत माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही ही गोष्ट कुणी वेगळी सांगायची गरज नव्हती. पण माझ्याहून हट्टी आणि वर वेडा असा एक माणूस याच दोन तालुक्यांत राहतो, आणि तो माझा सख्खा व्याही आहे, हे त्या साली मला पुरतं कळलं. अशा माणसाबद्दल खरं म्हणजे शिकल्यासवरल्यानं लिहायला पाहिजे. मी चौथीत शाळा सोडली. शाळेनं मला काढलं नव्हतं, मीच तिला सोडलं, हे ध्यानात ठेवा. पण शिकलेले लोक व्याह्यांना नुसते हसतात, आणि मी व्याह्यांशी भांडलो आहे. म्हणून त्यांच्यावर लिहायचा हक्क माझा.

व्याही कर्जतच्या बाजारपेठेमागचे. तीन पिढ्या मास्तरकी. ते स्वतः शास्त्र शिकवून रिटायर झालेले. माझा पोरगा रसायनीला कारखान्यात, त्यांची मुलगी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये, दोघांनी आमच्या परस्पर ठरवून टाकलं. मी नाही म्हणायला म्हणून कर्जतला गेलो. इस्त्रीचे कपडे, पायात नव्या वहाणा, तोंडात वाक्य तयार. व्याह्यांनी दार उघडलं, मला बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "तुमच्याकडे ते काळ्या कुसळाचं गरवं भात आहे म्हणतात. ते निसवतं कधी?" गरवं म्हणजे उशिरा पिकणारं, आणि निसवणं म्हणजे लोंबी पोटातून बाहेर पडणं. मी म्हणालो, "हत्तीचं नक्षत्र लागलं की." नवरात्राच्या आसपास हत्ती लागतो. ते पुढं सरकले. "आणि लावणी उशिरा झाली तर?" मी म्हणालो, "तरी हत्तीतच. माझा बाप सांगायचा, गरव्याला पेरलेला दिवस ध्यानात नसतो, हत्ती ध्यानात असतो." व्याही उठले, आतून एक लांब वही घेऊन आले, ते वाक्य तसंच्या तसं लिहून घेतलं आणि विचारलं, "वडिलांचं पूर्ण नाव सांगा. खाली घालायला हवं." माझ्या बापानं जन्मभर अंगठा उठवला. त्याचं वाक्य कुणी शाईनं लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं. नाही म्हणायचं राहूनच गेलं.

या माणसाच्या मनगटाला घड्याळ नाही. कधीच नव्हतं. त्यांचं म्हणणं, झाडाच्या आत घड्याळ असतं, मग आपण वेगळं कशाला बांधायचं. त्यांच्या अंगणात चिनी गुलाब आहे, तो उमलला की साडेनऊ. गुलबक्षी उघडली की चहाची वेळ. वेलावर पडवळाचं पांढरं फूल उलगडलं की दिवेलागण. वर्षाच्या कुठल्या महिन्यात कोण किती मागंपुढं होतं तेसुद्धा वहीत आहे. आमच्या पोरांचं लग्न दुपारी साडेचारच्या मुहूर्तावर होतं. भटजी अक्षता घ्या म्हणाले, सनईवाल्यानं गाल फुगवले, आणि वधूपिता कुंपणाजवळ वाकून उभे. "थांबा," तिथूनच म्हणाले, "गुलबक्षी अजून अर्धीच आहे. तुमचं घड्याळ पुढं आहे." भटजी म्हणाले, शास्त्रात गुलबक्षी नाही. हे म्हणाले, "पण गुलबक्षीत शास्त्र आहे." दोनशे माणूस मुठीत अक्षता धरून उभं. शेवटी कुणीतरी मोबाईल काढला तर भटजींचं मनगटी घड्याळ बारा मिनिटं पुढं निघालं. भटजींनी दक्षिणा घेतली, पण जेवायला थांबले नाहीत.

एकदा आमच्या घरी आले ते चिंचेचं वीतभर रोप कुंडीत घेऊन. म्हणाले, घरातली सगळ्यांत काळोखी जागा द्या. आमच्या हिनं कणगीमागची खोली दाखवली, जिथं दुपारीसुद्धा मांजर धडपडतं. तिथं कुंडी ठेवली, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं आणि स्वतः चार दिवस आमच्याकडं मुक्काम. सांजेला चिंच पानं मिटते, सकाळी उघडते, हे आमच्याकडं पोरासोरांना माहीत. पण काळोखात कोंडलेल्या चिंचेला सकाळ झाली हे कळतं का, ते त्यांना बघायचं होतं. ही म्हणाली, "त्या बिचारीला कशापायी कोंडलीय, व्याही? काय गुन्हा केला तिनं?" ते म्हणाले, "कोंडली नाही, विहीणबाई. विचारतो आहे." रोज सकाळी बॅटरीवर हिरवा कागद गुंडाळून ते आत जायचे, आणि बाहेर येऊन नातू झाल्यासारखं सांगायचे, "उघडली." तिन्ही दिवस उघडली, एका किरणाशिवाय. हिला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, "त्यात काय मोठं? आमच्या ह्यांना कणगीत घालून वरून झाकण लावा, चार वाजता च्या मागतील." व्याह्यांनी तेसुद्धा वहीत लिहिलं. मग मला म्हणाले, "पण एक बघा व्याहीबुवा, रोज ती थोडी थोडी चुकत चालली. आतलं घड्याळ चालू असतं, पण त्याला रोज सकाळी ऊन लागतं, लावून घ्यायला. नाहीतर ते आपलं आपलंच चालत राहतं, जगाला सोडून." तेव्हा मी मान हलवली ती जेवायची वेळ झाली म्हणून.

माझ्या पोराला पाळी असते. एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. जावयाला बघितलं की सासरे आधी खालची पापणी ओढून बघायचे, मग विचारायचे, "जावईबापू, या आठवड्यात कुठली शिफ्ट?" आणि खिडकीला स्वतः जाड घोंगडी ठोकून द्यायचे. "भाताकडून जे करून घेता येत नाही ते हे कारखानेवाले माणसाकडून करून घेतात," असं पुटपुटत. त्यांच्या स्वतःच्या घरी तर दिवस मावळल्यावर अंगणात दिवा लावायची बंदी. का, तर झाडं झोपलीत. त्यांच्या उंबऱ्याबाहेरच्या जुन्या जात्यावर माझा अंगठा दोनदा फुटला. दुसऱ्यांदा मी म्हणालो, "झाडं झोपलीत, पण व्याही मेला असता." ते म्हणाले, "हळू बोला, जाई दचकेल."

आता दिव्याचं सांगतो. आमच्या पाड्याला येणारा रस्ता माझ्या खाचराच्या बांधावरून येतो. साऱ्या गावात ग्रामपंचायतीनं दिवे लावले, आमचा तुकडा सोडला. मी दोन वर्षं भांडलो. प्रत्येक ग्रामसभेला पहिल्या ओळीत बसलो, अर्जावर अर्ज दिले, एकदा तर दारातच आडवा झोपलो. शेवटी त्या सालच्या वैशाखात दिवा आला. पांढराशुभ्र, मोठा, लागला की मुंगीचे पाय मोजावेत असा उजेड. मग पाड्यातल्या पोरांनी फ्लेक्स लावला: "झुंजार नेतृत्व तात्या यांच्या अथक प्रयत्नांना यश." फोटो पोराच्या लग्नातला, फेट्याचा. पोरांनी लावला म्हणतो खरा, पण फोटो मी दिला होता आणि 'झुंजार' हा शब्द मी सांगितला होता. खांबाच्या पुढं बांधावर दोन बांबू रोवून फ्लेक्स ताणला. माझं तोंड रस्त्याकडं, पाठ खाचराकडं.

त्याच खाचरात माझ्या बापाचं गरवं असतं. बाकीच्या शेतात मी पण दुकानाच्या पिशवीतलं हळवं, म्हणजे लवकर येणारं, लावतो, चार माणसांसारखं. पण काळ्या कुसळाचं ते भात आता आमच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडं उरलेलं नाही. दरसाल त्यातलं बियाणं पेंढ्यात आवळून त्याची मुडी बांधायची आणि माळ्यावर टांगायची. वर्षापलीकडं ते नीट उगवत नाही, म्हणून दरसाल लावावंच लागतं. बाप गेला तेव्हा जमिनीचं बोलला नाही, बैलांचं बोलला नाही. "मुडी रिकामी टांगू नको रं," एवढंच बोलला.

त्या साली हत्ती लागला आणि गरवं निसवलं नाही. हिरवंगार, गुडघ्याच्या वर, पण पोट सपाट. मी म्हणालो, आज नाही तर उद्या. शेजारचं हळवं पिवळं पडायला लागलं. व्याही आले, बांधावर दोन पावलं टाकली, भाताकडं बघितलंच नाही, मान वर करून दिव्याकडं बघितलं. "हा कधी आला?" म्हणाले.

"वैशाखात. मी आणला."

"हा काढायला हवा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ते सांगत राहिले. गरवं भात रात्र मोजतं. पावसाळा सरताना रात्र लांबत जाते, ठरलेल्या लांबीची झाली की त्याला कळतं, आता दाणा धरायचा. तेच तुमच्या वडिलांचं हत्तीचं नक्षत्र. दुकानातलं हळवं दिवस मोजतं, त्याला दिव्याचं फारसं काही नाही. पण याला तुम्ही रात्रच होऊ देत नाही. "याला अजून आषाढच वाटतो आहे, व्याहीबुवा."

मी म्हणालो, "दोन वर्षं दारात झोपून आणलेला दिवा हाय. भाताला डोळे असतात काय? दिवा काढा म्हणणाऱ्यानं माझ्या बांधावर पाय ठेवू नये."

व्याही हळवे नाहीत. त्यांनी चप्पल झटकली, बांधावरून खाली उतरले आणि रस्त्याच्या डांबरावर उभे राहून म्हणाले, "इथून बोललं तर चालेल का?" मी पाठ फिरवली. ते टमटम धरून गेले. पंधरा दिवस आले नाहीत. मी फोन केला नाही. तेवढ्यात शेतात एक नवल झालं. फ्लेक्सच्या मागं, खाचराच्या मधोमध, पसरलेल्या घोंगडीएवढा एक चौकोन निसवला. काळ्या कुसळांच्या लोंब्या, माझ्या बापाच्या वेळच्या तशाच. त्याच्या बाहेर चहूकडं एक लोंबी नाही.

मी काय समजलो ते सांगायला आता लाज वाटते, पण लिहायला बसलोय तर लिहितो. मी समजलो, हा माझ्या फोटोचा गुण आहे. चार माणसांना बोलावून दाखवलंसुद्धा. "बघा रं," म्हटलं, "जिथं तात्या उभा, तिथं पीक." पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमची ही पदर तोंडाला लावून घरात गेली. सांजेला ताट वाढताना म्हणाली, "अवो, घोंगडीभर भातानं मुडी भरंल का?"

मी जेवत राहिलो.

"माझ्या सासऱ्यांनी मरताना मुडीचं काय सांगितलं व्हतं ते तुमास्नी ठावं. तुमी लावताय का फोन, का मी लावू?"

"तू लाव," मी म्हणालो. "माझं नाव सांगू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी व्याही आले. डांबरावरच उभे राहिले. मी म्हणालो, "या की वर." "परवानगी आहे?" "हाय म्हणतो ना." मग वर आले. चौकोन बघितला. मला वाटलं हसतील, तर त्यांचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला. लोंबीला बोट लावलं, माझ्या फ्लेक्सकडं बघितलं, दिव्याकडं बघितलं आणि बांधावर बसकण मारली. "बसा," म्हणाले, "दिवा लागेपर्यंत बसू." आम्ही दोन म्हातारे बांधावर तासभर बसलो. हिनं च्या आणून दिला. दिवस बुडाला, आणि डोक्यावर दिवा लागला.

फ्लेक्सची सावली शेतात पडली. जिथं सावली पडली तिथं लोंब्या होत्या. जिथं सावली संपली तिथं लोंब्या संपल्या. वरचा काठ, खालचा काठ, दोन्ही बाजू; सुतारानं रंधा मारून बसवावं तशी ती सावली त्या चौकोनावर बसली.

मी बराच वेळ बघत राहिलो. माझ्या तोंडापुढं उजेड होता आणि माझ्या पाठीमागं तेवढीच रात्र होती. भाताला तेवढीच मिळाली.

"मग काढू दिवा," मी म्हणालो. तोंडातून शब्द कसा निघाला ते माझं मला माहीत.

"काढू नका," व्याही म्हणाले. "बायाबापड्या या रस्त्यानं येतात. तुम्ही भांडलात ते बरोबरच होतं. शेताकडची बाजू तेवढी झाका."

"कशानं?"

ते फ्लेक्सकडं बघून लगेच दुसरीकडं बघायला लागले. तेवढी भीड त्यांना होती.

सकाळी वायरमन बोलावला. फ्लेक्स मीच सोडवला, घडी घातली. तो दिव्याला आडवा बांधायला वायरमन शिडीवर चढला आणि वरून विचारतो, "तात्या, तोंड कुठं करू? आत का बाहेर?" खाली पोरं जमलेली. मी म्हणालो, "आत कर. दिव्याकडं. ज्यानं आणला त्यानंच बघत बसावं." अशी दिव्याला खाचराच्या बाजूनं माझी झापड लागली. रस्त्यावर उजेड, शेतात काळोख.

पण उशीर झालेला. आता रात्र मोजून, पोट धरून लोंबी बाहेर यायची म्हणजे महिना हवा. पाऊस गेलेला, खाचर तडकायला लागलेलं. रोज सकाळी मी आणि ही हंडे वाहून पाणी घालायचो. पोरगा रात्रपाळीहून यायचा, चार हंडे घालायचा आणि मग झोपायचा. त्याच्या सासऱ्यांनी झोपेवरून त्याला काही म्हटलं नाही. साऱ्या गावाची कापणी झाली, झोडणी झाली, दिवाळी झाली, आणि मग एका सकाळी माझं गरवं निसवलं. पूर्ण. आता शिवारात उभं पीक माझं एकट्याचं, म्हणून चिमण्या, मुनिया, पोपट, साऱ्या तालुक्याची पाखरं माझ्या खाचरावर. तेव्हा व्याही रोज पहिल्या टमटमनं यायचे आणि दिवस मावळेपर्यंत बांधावर बसून पत्र्याचा डबा बडवायचे. डोक्याला पंचा, मांडीवर वही. डबा बडवताना ज्या पाखरानं जास्त खाल्लं त्याचीसुद्धा नोंद ठेवायचे. शाळेतली जुनी पोरं रस्त्यानं गाडीवरून जाताना थांबून विचारायची, "सर, तुम्ही इथं?" ते म्हणायचे, "ड्युटी आहे." मुडी बांधताना पेंढा त्यांनी असा आवळला की मला ती तीनदा सोडावी लागली. पण भरली. माळ्यावर टांगली तेव्हा मी त्यांना पुढं केलं. ते स्टुलावर उभे राहिले, गाठ मारली आणि खाली उतरल्यावर चष्मा पुसत बसले.

आमच्या विहीणबाई, म्हणजे त्यांची बायको, आधीच वारलेल्या. घरात ते एकटे. गेल्या साली गुलबक्षीचं बी वेचताना अंगणात पडले, आणि अमेरिकेतल्या मुलानं हट्ट धरून त्यांना तिकडं नेलं. मी म्हटलं आमच्याकडं या, तर म्हणाले मुलीच्या घरी किती दिवस राहायचं. आम्ही दोघं हट्टी, पण मुलगा त्यांचाच. तो आमच्या वरताण. जाताना घराची किल्ली माझ्या सुनेला दिली आणि वही मला. "मला कशाला?" मी म्हटलं, "मला लिवायचं म्हंजे हात आखडतो." ते म्हणाले, "वेळ आणि काय उघडलं, एवढंच लिहायचं. चौथीला येतं."

मी लिहिलं नाही. फोन मात्र ते करायचे. तिकडं दिवस म्हणजे आपली रात्र. सून सांगायची, तिकडं थंडी फार, बाबा पडदे लावून खोलीतच असतात, अवेळी झोपतात, अवेळी उठतात. मला ते काही सांगायचे नाहीत. विचारायचे, "गुलबक्षी?" मी म्हणायचो, "उघडली." "चिनी गुलाब?" "उमलला." बसल्या जागी सांगायचो. कोण जातंय कर्जतला बघायला, गुडघे दुखतात. यंदा हत्ती लागला त्याच्या चौथ्या दिवशी सांजेला फोन आला. "निसवलं?" मी म्हटलं, "निसवलं."

"कुठल्या कोपऱ्यातनं सुरुवात झाली?"

मी गुडघा चोळायला लागलो. चार दिवस खाचरावर गेलोच नव्हतो.

त्यांनी काय ते ओळखलं. मग म्हणाले, "व्याहीबुवा, त्या चिंचेचं आठवतं का? कणगीमागची. इथं माझं तसं झालं आहे. आतलं घड्याळ कर्जतचंच चालू आहे, पण लावून द्यायला कुणी नाही. तुम्ही बघून सांगत चला हो. खोटं सांगितलंत तर मी आणखी चुकेन."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेतली, वही घेतली, पोराचं घड्याळ मागून घेतलं आणि बांधावर जाऊन बसलो. विहिरीकडच्या कोपऱ्यातनं लोंब्या सुटल्या होत्या. भाताचं फूल केव्हा उघडतं हे मी जन्मभर शेती करून बघितलं नव्हतं. बसून राहिलो. ऊन पाठीवर आलं, दव वाळलं, आणि दहाला पाच कमी असताना एक दाणा चोचीसारखा उघडला, आतनं पांढरे धागे बाहेर लोंबले. मग दुसरा. मग सगळे. मी वहीत लिहिलं: गरवं, विहिरीकडचा कोपरा, दहाला पाच कमी. खाली नाव घालायला हवं म्हणून माझं नाव घातलं. मग फोन लावला. तिकडं मध्यरात्र उलटून गेली असणार. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.